गोड्या पाण्यातल्या तिसऱ्या

जाऊबाई,

तुमच्या तेराव्याला सगळ्यांनी तुमचं चांगलं सांगितलं. कुणी तुमच्या हातच्या चवीचा विषय काढला, कुणी मोकळ्या स्वभावाचा. गल्लीतली एक बाई तर म्हणाली की तुम्ही आयुष्यात कुणाला उलट बोलला नाहीत. मी तेव्हा आमटी वाढत होते. तिच्या पानात ती जरा जास्तच पडली. तुमच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क खरं तर माझा होता, कारण तुमच्याशी सगळ्यात जास्त मी भांडले. पण मला कुणी विचारलं नाही.

आता पाहुणे गेले. घर धुऊन झालं. शाळेतून घेतलेली रजा संपत आली. शाळेत मी मुलींना शिवण शिकवते, आणि अर्ध्यात सुटलेला टाका मला बघवत नाही. तुमचं-माझं भांडण तसंच अर्ध्यात सुटलंय. बोलायची पाळी माझी असताना तुम्ही उठून गेलात. म्हणून हे लिहिते आहे.

त्याच पंगतीत आमच्या माहेरच्या म्हाताऱ्या आत्यानं तोंड उघडलं. बुंदी खाता खाता म्हणाली, "कमळची पोर शेवटी कमळच्या भनीकडं आली. बरं झालं बाई." शैला पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोरच उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि मागच्या अंगणात निघून गेली.  सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही पार्सल आलंय आणि सही मी करायची आहे.

ज्या पोरीसाठी मी इतकी वर्षं तुमच्याशी भांडले, ती मला अशी वाढप्यानं वाढल्यासारखी मिळावी, हे मला आवडलं नाही. पण तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू? आत कुठंतरी मी "मिळाली" असंही म्हणून घेतलं. मिळाली की नाही, ते मात्र पंगतीत ठरणार नव्हतं.

कमळ माझी सख्खी थोरली बहीण. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. शैला जेमतेम चालायला लागली होती तेव्हा कमळ काविळीनं गेली, आणि पोर माझ्या कडेवर आली. मला दोन मुलगे, मुलगी नाही. सासूबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मीही तसंच धरून चालले. थोरले दीर तेव्हा एस.टी.त, कणकवलीच्या डेपोत होते. वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढच्या रजेवर ते आले ते तुम्हाला घेऊन.

तुम्ही मालवणच्या. वयानं माझ्याहून लहान आणि नात्यानं थोरल्या. ज्या पाटावर माझी बहीण बसायची त्यावर तुम्ही बसलात, आणि मी तुम्हाला अहोजाहो करायचं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आलात, देवाला नमस्कार केलात, सासूबाईंच्या पाया पडलात आणि सरळ माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढं केलेत.

"द्या. माका सांगान लगीन झालां. पोर असा म्हणान कळलेलां, म्हणानच मी इलंय."

आमच्या घरात ते बोलणं अर्धं कळलं, हात मात्र पुरते कळले. पोर माझ्या पदराला धरून किंचाळत होती. तुम्ही तिची बोटं एकेक करून सोडवलीत, घाई न करता, आणि घेऊन गेलात. पोरगी रडून रडून निळी झाली तरी परत दिली नाहीत. पोर आहे म्हणूनच मी आले, याचा अर्थ काय, ते मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला स्वतःचं मूल झालं नाही. ते आधीच ठाऊक होतं का, हे आता कुणाला विचारायचं?

तुमच्या पहिल्याच हिवाळ्यात ती तिसऱ्यांची गंमत झाली. तेराव्याला ती कुणी सांगितली नाही, कारण ती ठाऊक असलेले आता दीर आणि मीच उरलो, आणि दीर ती सांगणार नाहीत.

तुम्ही तेव्हा आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत होतात. दुपारी भाकरी थापता थापता सासूबाईंना म्हणालात, "उद्याच्या गाडीनं तिसऱ्या येतायत." सासूबाईंचा हात परातीतच राहिला. त्या घरात पहिली म्हणजे माझी बहीण, दुसऱ्या तुम्ही. पहिली गेली, दुसऱ्या समोर बसून भाकरी थापतायत, आणि तोंडानं सांगतायत की उद्या तिसऱ्या येतायत. तेही आदरानं.

सासूबाई मला न्हाणीकडं घेऊन गेल्या. "ऐकलंस व्हय? आगं, दुसरीच आत्ता आली की. तिसरी कुटं बसवायची? आन् ही बया हसून सांगतीया." दीर आता बदली होऊन सोलापूरच्या डेपोत होते; ते घरी आले, तर त्यांना टोपीसुद्धा काढू दिली नाही. "काय रं, तिकडं कोकनात किती करून ठिवल्यास?" दीर बिचारे ज्या मुद्द्यावर निर्दोष होते त्यावर घाम पुसत राहिले. तुम्हाला बोलावलं. तुम्ही सगळं ऐकलंत, मग पदर तोंडाला लावून खाली बसलात आणि हसून हसून तुमचा श्वास अडकला. तुम्हाला हसताना बघून मला जो राग आला तो अजून आहे. माझ्या बहिणीची मोजणी चालली होती त्या घरात, पहिली म्हणून, आणि तुम्ही हसत होतात.

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवरून तिसऱ्या आल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक टोपली. आत शिंपले. आमच्याकडे शिंपला म्हणजे सीना नदीच्या वाळूत सापडणारा, दगडावर घासून भोक पाडलेला, कैरी सोलायचा किंवा दुधाचं पातेलं खरवडायचा. त्याच्या आत कुणी राहत असेल आणि ते कुणी खात असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. तुमच्या त्या लहान, गोलसर, अंगावर बारीक वळ्या असलेल्या, घट्ट मिटलेल्या. शैलानं एक उचलली तर तुम्ही म्हणालात, जिती आहे, पाडू नको.

आपण भलता संशय घेतला म्हणून सासूबाईंना लाज वाटत होती. त्यांनी त्यांच्या परीनं भरपाई केली. तुम्ही पोरीला निजवत होतात तेवढ्यात त्यांनी सगळी टोपली मोठ्या पातेल्यात ओतली आणि वरून नळाचं पाणी सोडलं, काठोकाठ. लांबून आलेल्या, तहानेल्या असतील. सकाळी झाकण काढलं तर सगळ्या शिंपा वासलेल्या. वास घरभर. तुम्ही पाट घेऊन बसलात आणि एकेक उचलून नखानं टिचकी मारत राहिलात. जिवंत असेल तर मिटते, असं म्हणत होतात. एकही मिटली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सोच्छ पानी व्हतं गं. घोटभर बी घाण न्हवती."

तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "गोड्या पाण्यात मरतंत त्यो. मूठभर मीठ टाकलां असता तर जगल्यो असत्यो." जसं काही मीठ माझ्याकडं होतं आणि मी दिलं नाही. मग सगळ्या नेऊन उकिरड्यावर टाकल्यात. मला वाईट वाटलं नाही. वास गेला म्हणून बरंच वाटलं.

पुढच्या थंडीत पुन्हा मागवल्यात. तुमचं हेच मला सहन होत नव्हतं. एकदा फजिती झाली की माणूस ते काम सोडतं. तुम्ही परात घेतलीत, पाण्यात मीठ विरघळवलंत, बोट बुडवून चाखून बघितलंत, समुद्राइतकं झालंय का म्हणून. तिसऱ्या पसरल्यात, वर ओलं फडकं टाकलंत आणि शैलाला मांडीवर घेऊन शेजारी बसलात. पोरगी तेव्हा फार गप्प असायची. कमळ गेल्यापासून तिचा आवाजच बसला होता. थोड्या वेळानं फडक्याची कड उचललीत. मी दारात उभी होते, मलाही दिसलं. मिटलेल्या शिंपांमधून बारीक बारीक नळ्या बाहेर आल्या होत्या, एकेकीच्या दोन दोन.

"बग गो बाय," तुम्ही तिला सांगत होतात. "एक नळी पाणी घेता, एक सोडता. पाण्यात जा काय येयत ता खाता. नि पोटातली रेव भायर टाकता." मग पायाचं सांगितलंत. तिला एकच पाय असतो, जिभेसारखा. तो वाळूत खुपसायचा, फुगवायचा आणि अंग खाली ओढून घ्यायचं. ओहोटीला खाडीच्या वाळूत दोन बारीक भोकं शेजारी शेजारी दिसली की खाली ती आहे असं समजायचं आणि चटकन खणायचं, कारण पावलाचा धक्का कळला की ती आणखी खोल जाते. तुमच्या आईनं तुम्हाला तुमच्या टाचेखाली तिसरी कशी कळते ते शिकवलं होतं. पावसाळ्यात काढायच्या नाहीत, तेव्हा त्यांची पिल्लं सुटतात. हे सगळं तुम्ही चार वर्षांच्याही नसलेल्या पोरीला सांगत होतात, जसं काही तिला उद्या खाडीत उतरायचं आहे. जिथं नळाला पाणी येईल की नाही याची खात्री नाही त्या सोलापुरात.

पोरीनं एका नळीला बोट लावलं. फट्‌दिशी शिंप मिटली आणि पाण्याची पिचकारी तिच्या नाकावर उडाली. पोरगी हसली. कमळ गेल्यानंतर पहिल्यांदा, खळखळून. तुमच्या मांडीवर बसून हसली. मी दारातून परत फिरले आणि तांदूळ निवडायला बसले. ते आधीच निवडलेले होते.

मग ते नावाचं भांडण. कमळच्या नात्यानं मी शैलाची मावशी. माझ्या नवऱ्याच्या नात्यानं काकी. कमळ होती तेव्हा ती पोरीला "मावशीकडं जा" असंच म्हणायची. तुम्ही आलात आणि पोर बोलायला लागली ती "काकी" म्हणत. मी काही दिवस ऐकून घेतलं, मग तुमच्यासमोर येऊन स्पष्ट सांगितलं की तिला मावशी म्हणायला शिकवा. काकी काय, गल्लीतली कुठलीही बाई असते.

तुम्ही खोबरं खवत होतात. खवता खवताच म्हणालात, "म्हणांदे की मावशी. माझी ना नाय. पण मावशी म्हणजे आवशीची भैण. ता माका आये म्हणता. मगे तुमी माझी भैण झालात. असा मान्य?"

मी म्हणाले, "माझी एकच बहीण होती. ती गेली."

"मगे काकीच बरी," तुम्ही म्हणालात आणि नारळाची दुसरी कवड घेतलीत.

एवढंच. ते भांडण तिथं थांबलं आणि त्याच जागी राहिलं. पोर मोठी झाली, शाळेत गेली, माझ्याच वर्गात शिवण शिकली. काकी म्हणतच शिकली. ती काकी म्हणायची आणि मला दर वेळी तुमची खवणी ऐकू यायची.

कमळचा फोटो भिंतीवर होता. तो तुम्ही काढला नाहीत, हे खरं. त्याला रोज हार घालायचात. आणि तिसऱ्या केल्यात की पहिली वाटी त्या फोटोपुढं. मी एकदा भडकले. माझ्या बहिणीनं उभ्या जन्मात मासळी खाल्ली नाही, वासानं तिला मळमळायचं, आणि तुम्ही तिच्या तोंडाशी शिंपले ठेवता? तुम्ही वाटी उचललीत. "मगे काय खायत ती? माका कोण सांगता?" असं विचारलंत. मी सांगितलं नाही. का सांगावं? तुम्ही घर घेतलंत, पाट घेतलात, पोर घेतलीत. कमळला काय आवडायचं, एवढं तरी माझ्याकडं राहू दे, असं मला वाटलं. त्यानंतर तुम्ही फोटोपुढं नुसती साखर ठेवायला लागलात. साखर सगळ्यांनाच चालते.

तुमच्या त्या एकशिपीचंही मला कौतुक नव्हतं. विळी घ्यायची, मिटलेली तिसरी पात्यावर धरायची आणि उघडताना सगळं मांस एका शिंपेत राखायचं. दुसरी मोकळी शिंप टाकून द्यायची. मग कांदा, खोबरं, लसूण, लाल मिरची आणि कोकमं. वरून मीठ नाही. तुम्ही बजावून सांगायचात की तिच्या अंगातच समुद्र असतो, आणखी घातलंत तर वाया गेलं. टिचकीलाही जी मिटत नाही ती खायची नाही, ती आधीच मेलेली. हे सगळे नियम तुमच्या जिभेवर आणि आम्ही अडाणी. आमची भाकरी तुम्हाला कायम सुकी. "हंय सगळां सुकां. जेवणसुद्धा नि माणसांसुद्धा," असं तुम्ही सासूबाईंसमोर म्हणाला होतात. शेंगाच्या चटणीला तुम्ही भुकटी म्हणायचात आणि ताटलीभर खायचात.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मात्र बोलते, कारण तेव्हाचं मी खाल्लंय. रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी घशात अडकायची, माझी मुलं ताटावरून उठून जायची. तुम्ही भावाला सांगून सुकवलेली मासळी मागवलीत, सुकट आणि सोडे. कांद्यावर परतलेली ती सुकट माझ्या मुलांनी बोटं चाटून खाल्ली आणि भाकरी पोटात गेली. मी तेव्हा आभार मानले नाहीत. तुम्हीही ते मानायची वाट बघितली नाहीत. वाढता वाढता म्हणालात की सुकी माणसं सुकंच खातील. ते आभार आता मानते. बोलणं मात्र परत घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

शैला कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बसली तो तुमचाच प्रताप. आम्ही तिला बी.ए. करायला सांगत होतो. प्रॅक्टिकलला नदीतला शिंपला कापून आली त्या दिवशी ती फार खुशीत होती. तुम्ही एकशिपी करत होतात, मी चहा घेत बसले होते. तिनं तुम्ही टाकलेली मोकळी शिंप उचलली, तिथंच खिडकीशी उजेडात धरली आणि आतले दोन पुसट ठसे दाखवले. म्हणाली, "आई, हे बघ. इथं दोन स्नायू धरलेले असतात. त्यांच्या जोरावर ती मिटते. आणि तेच ठसे दुसऱ्या शिंपेवरही आहेत. मांस एका शिंपेचं नसतंच. दोन्हींना धरून असतं." मग मागची बिजागरी दाखवली. ती कशी आपोआप उघडायला बघते आणि मिटून राहायलाच जोर लावावा लागतो, मेल्यावर जोर गेला की ती उघडी पडते, वगैरे.

मी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत मला एवढं पटणारं दुसरं काही कुणी सांगितलं नव्हतं. मी तुमच्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंत का? दोन्हींना धरून असतं."

तुम्ही विळीवरून मान वर केली नाहीत. "धरता दोघांकव. पण विळीवर बसता कोण, ता बघूचा लागता."

शैला आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग ती मोकळी शिंप तिनं स्वतःच्या पेन्सिलीच्या डब्यात टाकली. मला वाटतं, त्या दिवशी तिला सगळं समजलं. आपण दोघी समजत होतो की पोरीला यातलं काही ठाऊक नाही.

आणि मग तुमचा आजार. त्याचं मी फार सांगत नाही. मूत्रपिंडं गेली, अंगाला सूज आली, डॉक्टरांनी मीठ बंद केलं. शैलाचं शेवटचं वर्ष, दीर दौऱ्यावर. तुमचं पथ्य माझ्याकडं आलं. तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं. ज्या बाईशी जन्मभर पटलं नाही तिच्या हातची अळणी पेज. तुम्ही पहिल्या दिवसापासून शिव्या दिल्यात. सूडच उगवतायत, डॉक्टराचं नाव करतायत, हे तुम्ही शेजारच्या यल्लम्मालाही सांगितलंत. ती तिच्या हातमागावरून उठून मला विचारायला आली, "तुमी खरंच मीठ बंद केलं का वो?" मी म्हणाले, होय, मी बंद केलंय, आणि चालू करणार नाही.

तिसऱ्या उकडलेलं खारट पाणी मागायचात. नुसतं पाणी, वाटीभर. नंतर तेही सोडून दिलंत, नुसतं मीठ मागायला लागलात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तुमची उशी सरळ करत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. पकड काही राहिली नव्हती, तरी धरलंत. आणि म्हणालात, "चिमूटभर मीठ दी गो."

इतक्या वर्षांत एकदाही मला "गो" म्हणाला नव्हतात. म्हणालात ते मिठासाठी.

मी दिलं नाही. आज पुन्हा तुम्ही मागितलंत तरी देणार नाही. सूज डोळ्यांवर आली होती तुमच्या. लोकांना वाटतं, आता मला त्याची रुखरुख असेल. नाही. मी हात सोडवला नाही, एवढं मात्र खरं. तुम्ही झोप लागेपर्यंत धरून होतात, आणि मी भाजी टाकायची राहिली म्हणून आतल्या आत चिडत उभी होते.

तुमच्या दहाव्याला तुमचा भाऊ भिकाजी येऊन मालवणला परतला होता. तेरावं गोडाचं झालं की आपल्याकडं दुखवटा उतरवायला तिखट करतात. थोरल्या दिरांनी मटण धरलं होतं. शैला त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "मटण नको. मामाला तिसऱ्या आणायला सांगितल्यात."  करायच्या कुणी, ते सांगायची गरज नव्हती. एवढ्या बायकांमधून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी, जिनं त्या वाटीला आजवर बोट लावलं नव्हतं.

केल्या. कोकमं अंमळ जास्त पडली. दोन-चार वेळा मांस दोन्ही शिंपांमध्ये वाटलं गेलं, विळीवर मला तो हात नाही. वरून मीठ घातलं नाही. टिचकीला जी मिटली नाही ती टाकली. भिकाजी म्हणाला, "बायच्या हातची सर नाय, पण वायट नाय." आणि दोनदा मागून घेतल्या. मोकळ्या शिंपा मी टाकल्या नाहीत. धुऊन ठेवल्यात. दगडावर घासून भोक पाडलं की उन्हाळ्यात कैऱ्यांना होतील.

कमळच्या फोटोशेजारी आता तुमचा फोटो आहे. तुमच्यापुढं एकशिपी ठेवली. तिच्यापुढं ताकातला भाकरीचा काला ठेवला, वर भाजलेली हिरवी मिरची. तिला तो आवडायचा. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते.

आता राहिलं ते तिखटाच्या आदल्या संध्याकाळचं. भिकाजी टोपली घेऊन उतरला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शैलानं टोपली घेतली आणि मागच्या अंगणात गेली. तेराव्याला आत्या जे बोलली त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, त्यामुळे मी मागं जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी दारात जाऊन उभी राहिलेच. तिनं गोणपाट सोडलं, तुमची परात घेतली, पाणी भरलं. एकेक तिसरी उचलून नखानं टिचकी मारत होती. मिटली की परातीत, नाही मिटली की बाजूला. बसणं तुमचं, पाय दुमडायची पद्धत तुमची. कमळ अशी बसायची नाही.

मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "मावशी, मीठ दे."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

मी विचारलं, हे आजच कुठून काढलंस? तिसऱ्यांवरून हात न काढता तिनं सांगितलं. "आईनं सांगितलंय. म्हणाली, मी गेल्यावर काकीला मावशी म्हणून बघ. ओ दिली तर ठीक. नाही दिली तर पुन्हा काकी म्हण, वाद घालू नको."

जाऊबाई, हा तुमचा कावा मला लगेच कळला. तुमची अट मला पाठ होती. मावशी म्हणजे आईची बहीण. मी हो म्हटलं की मी तुमची बहीण, आणि तुम्ही असताना जे मी कबूल केलं नाही ते तुमच्या माघारी, तुम्हाला उत्तर द्यायची सोय नसताना, कबूल करायचं. पोरीला मधे घालून, एका हाकेत. आणि पोर आत्याच्या म्हणण्यानं मला मिळालेली नव्हती, हेही तुम्ही त्यातच सांगून टाकलंत. ती तुमची होती आणि तुम्ही ती मला देत होतात. वर नको असेल तर परत घ्यायची तयारी ठेवून.

हे सगळं मी दारात उभी राहून मनात तुम्हाला बोलत होते. आणखीही बरंच बोलायचं होतं. शैलानं परातीवरून मान वर केली. तुमच्यासारखीच तिलाही घाई नव्हती, पण डोळे भरलेले होते, ते कमळचे.

"मावशी," ती म्हणाली, "मीठ. मरतील त्या."

मी ओ दिली. आणि मीठ दिलं.